अडीच ओरखडे

ज्या वेगाने सरांच्या गाडीला अपघात झाला, त्या वेगाने कोणी पायी चाललं असतं, तर मागून येणाऱ्याने "काय हो, बरं वाटत नाहीये का?" म्हणून चौकशी केली असती. ताशी दीड किलोमीटर. हा आकडा सरांनी स्वतः काढलेला आहे, आणि चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाच्या आकड्यावर शंका घ्यायची इमारतीत कोणाची छाती नाही.

झालं ते असं. इमारतीच्या आवारात गाड्या ठेवायला समोरासमोर दोन रांगा आहेत आणि मधून जायला-यायला वाट. सरांची गाडी डाव्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून. बरोब्बर समोर उजव्या रांगेत डॉक्टरीणबाईंची गाडी, तीही भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरीणबाई तळमजल्यावरच राहतात आणि तिथेच दवाखाना चालवतात. तर त्या गुरुवारी सकाळी सव्वादहाला सर गाडी मागे घेऊ लागले, आणि त्याच घटकेला डॉक्टरीणबाईही मागे घेऊ लागल्या. दोघंही कमालीची सावध माणसं. सर डावा आरसा बघत होते, कारण त्यांच्या डाव्या हाताला खांब. डॉक्टरीणबाईही डावाच आरसा बघत होत्या, कारण त्यांच्याही डाव्या हाताला खांब. मधल्या वाटेत काय येतंय हे बघायला दोघांकडेही डोळा शिल्लक नव्हता. तेव्हा वाटेच्या मधोमध दोन्ही गाड्या एकमेकींना पाठीने भेटल्या. आवाज फारसा झाला नाही. पण सरांचा मागचा दिवा फुटला, बंपर आत गेला, आणि डॉक्टरीणबाईंच्या डिकीचं झाकण असं काही वाकून बसलं की पुन्हा उघडायचं नाव घेईना.

आता अशा वेळी माणसं काय करतात? दार आपटून उतरतात आणि "दिसत नाही का" इथून सुरुवात करतात. इथे दोघं उतरली आणि एका सुरात म्हणाली, "चूक माझी."

"छे, छे, डॉक्टर, माझीच. मी मागे बघायला हवं होतं."

"अहो सर, मी हॉर्न द्यायला हवा होता."

"हॉर्न मीही दिला नाही."

"पण मी निघाले घाईत. तुम्ही शांतपणे निघाला होतात."

हे दहा मिनिटं चाललं. गाड्या तशाच पाठीला पाठ लावून उभ्या. शेवटी सरांच्या शेजारच्या सीटवरून काच खाली झाली आणि काकूंनी विचारलं, "चूक कोणाची का असेना, आज तळ्यावर जायचंय की नाही?"

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. अख्खी इमारत त्यांना काकू म्हणते. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, हातात काठी आली, पण बसची पायरी जी उंच झाली ती झालीच. दीड वर्ष काकू घराबाहेर पडल्या त्या फक्त हॉस्पिटलात जाण्यासाठी. बाकी दिवसभर खिडकीत, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून. बोलायच्या जेवढ्यास तेवढं. ते बघून सरांनी साठी उलटल्यावर गाडी शिकायला घेतली. शिकवणारा मनुष्य रोज कपाळाला हात लावायचा. "सर, रस्ता काटकोनात वळत नाही हो," असं त्याने निदान शंभरदा सांगितलं असेल. पण सर शिकले, गाडी घेतली, आणि मग दर गुरुवारी काकूंना गावाबाहेरच्या तळ्यावर नेऊ लागले. तिथल्या बाकावर दीड तास बसायचं आणि परत यायचं, एवढंच. पण काकू बुधवारपासूनच बोलायला लागत, आणि शुक्रवारीसुद्धा थांबत नसत.

त्या गुरुवारी तळं राहिलंच. दिवा फुटलेली गाडी रस्त्यावर न्यायची नाही असा नियम आहे, आणि सर नियमातले.

पण सरांना खरी धास्ती पडली ती फुटलेल्या दिव्याची नव्हे, तर घरातल्या फ्रिजची. सरांची लेक रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कारखान्याच्या फाटकावर असते तशी एक छोटी पाटी तिने आईवडिलांच्या फ्रिजवर लावली होती. "अपघाताविना दिवस", आणि पुढे खडूने आकडा. ही पाटी आली गाडीवरच्या दुसऱ्या ओरखड्यानंतर. पहिला ओरखडा फाटकाचा, दुसरा पाण्याच्या पंपाच्या खोलीचा. पाटीखाली लेकीने एक करारही चिकटवला होता. "गाडीवर तिसरा ओरखडा उठला आणि चूक बाबांची ठरली, की किल्ली माझ्याकडे." खाली तिची सही, सरांची सही, आणि साक्षीदार म्हणून काकूंची. सरांनी सही करताना दोन शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या, मजकुराला हरकत घेतली नव्हती.

म्हणजे चूक कोणाची, हा प्रश्न आता नुसता सभ्यपणाचा राहिला नव्हता. चूक सरांची ठरली तर किल्ली जाणार, किल्ली गेली तर गुरुवार जाणार, आणि काकू पुन्हा खिडकीत जाणार.

अपघाताच्या दिवशी पाटीवर अठ्ठावन्न होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर पाणी प्यायला गेले तर काकूंनी एकोणसाठ लिहिलेले.

"अहो, हे काय? शून्य करायला हवं."

"का? चूक कोणाची ते ठरलं का?"

"माझीच आहे."

"ते तुम्ही ठरवणार? शाळेत मुलं आपापले पेपर तपासायची का?" काकूंनी खडू जागेवर ठेवला. "कंपनी ठरवेल. तोवर प्रकरण चालू आहे."

लेक रोज संध्याकाळी फोन करायची आणि पहिला प्रश्न पाटीचा असायचा. काकू शांतपणे आकडा सांगायच्या. सर त्या वेळी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे. त्या दिवसांत कुंड्यांमधली दोन रोपं कुजली.

हा अपघात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतूनही बघितला गेला होता. तिथे क्लेमकाका राहतात. त्यांचं हे नाव त्यांच्या कर्तृत्वामुळे पडलं आहे. गाडी एक, पण विम्याचे दावे सात, आणि सातही मंजूर. सरांचा आणि डॉक्टरीणबाईंचा विमाही त्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्याच कंपनीत उतरवलेला. ते वर आले, सरांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सर, फॉर्ममध्ये एकच गोष्ट लिहायची. कुत्रं आडवं आलं."

"पण कुत्रं नव्हतं."

"माझ्या वेळी तरी कुठे होतं? सातही वेळा मी कुत्रंच लिहिलंय. कुत्र्याला दोष दिला की कोणाचं मन दुखत नाही. कुत्र्याचंसुद्धा नाही."

"फाटकाच्या आत, भिंतीपाशी, कुत्रं कुठून आडवं येणार?"

"मग उभं आलं लिहा," क्लेमकाका म्हणाले. त्यांच्या मते सर उगाच खुसपट काढत होते.

सरांनी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी एक दाबा, अपघातासाठी तीन दाबा, नव्या दाव्यासाठी चार दाबा. सरांनी प्रत्येक वेळी चष्मा काढून, बटण दाबून, चष्मा पुन्हा लावून फोन कानाला धरला, आणि तेवढ्यात पुढची सूचना निम्मी होऊन जायची. मग पाऊण तास सनई का बासरी असं काहीतरी वाजत राहिलं. त्यानंतर एक मुलगी बोलली. "सर, सगळ्यात आधी मला सांगा, तुम्ही बरे आहात ना? लागलं नाही ना कुठे?"

तीन दिवसांत डिकीबद्दल, दिव्याबद्दल, कुत्र्याबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. ती मुलगी समोरच्या कागदावरचं वाचते आहे हे कळत असूनही सरांना भरून आलं. "बरा आहे हो बाळ," ते म्हणाले. "तू जेवलीस का?" तिकडे कागदावर याचं उत्तर नसावं, कारण पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "अजून नाही सर," आणि फॉर्म दुसऱ्याच दिवशी घरपोच आला.

चौदा नंबरचा रकाना होता, "अपघात कोणाच्या चुकीमुळे झाला?" सर त्या रकान्यापुढे पेन घेऊन दोन दिवस बसले. खिडकीत काकू बसल्या होत्या. त्यांनी वळून एकदाही विचारलं नाही की काय लिहिताय. विचारलं असतं तर बरं, असं सरांना वाटत होतं. एक ओळ लिहायची, की समोरची गाडी वेगाने आली. त्या ओळीत काकूंचे सगळे गुरुवार होते. सरांनी काकूंच्या पाठीकडे बघितलं, मग खाली तळमजल्यावरच्या दवाखान्याच्या पाटीकडे बघितलं, आणि रकान्यात लिहून टाकलं, "संपूर्ण चूक माझी. डॉक्टरांच्या गाडीचा काहीही दोष नाही." लिहून झाल्यावर ते बराच वेळ संडासात जाऊन बसले. विचार करायला घरात दुसरी जागा नव्हती.

पंधराव्या रकान्यात अपघाताची आकृती काढायची होती आणि त्यासाठी काड्यापेटीएवढी चौकट दिली होती. हा मात्र सरांना सरळ सरळ अपमान वाटला. त्यांनी चौकटीत "सोबत जोडली आहे" असं लिहिलं आणि कपाटातून जुना ड्रॉइंग बोर्ड काढला. दोन दिवस टेप घेऊन मोजमापं चालली. टेपचं दुसरं टोक क्लेमकाकांनी धरलं, आणि दर वेळी "इथे कुत्रं दाखवायला जागा आहे बघा" असं सुचवलं. जमिनीवर काचेचे तुकडे आणि टायरांचे ठसे अजून होते, त्यामुळे काही अंदाजाने धरावं लागलं नाही. वीसास एक या प्रमाणात नकाशा तयार झाला. वरून दिसणारं दृश्य, बाजूने दिसणारं दृश्य, वाटेची मध्यरेषा तुटक रेघेने, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात मापं. बाजूने दिसणारं दृश्य कोणी मागितलं नव्हतं, पण त्याशिवाय कागद रिकामा दिसत होता.

दरम्यान दवाखान्यात वेगळीच पंचाईत झाली होती. डॉक्टरीणबाईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र त्या डिकीत अडकलेलं. गॅरेजचा फोरमन म्हणाला, कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहणी करेपर्यंत मी झाकणाला बोट लावणार नाही, लावलं तर दावा गेला. पेशंट यायचे आणि डॉक्टरीणबाई नाडी धरून म्हणायच्या, "दाब डिकीत आहे. आल्यावर बघू." दोन आजोबांना या उत्तराने इतका आराम पडला की ते पुन्हा आलेच नाहीत.

नवव्या दिवशी सर्व्हेअर आले. पन्नाशीचे, दमलेले गृहस्थ, खांद्याला कॅमेरा. बावीस वर्षं ठोकलेल्या गाड्या बघून त्यांचा चेहराही किंचित आत गेला होता. त्यांनी फोटो काढले, दोघांचे फॉर्म घेतले, क्लेमकाकांना बघितल्यावर "कुत्रं बरं आहे ना?" एवढंच विचारलं, आणि गेले. डिकी उघडली, यंत्र बाहेर आलं. आता दुरुस्तीची मंजुरी आली की झालं.

मंजुरीऐवजी पत्र आलं. "दोन्ही पक्षांनी संपूर्ण दोष स्वतःवर घेतल्यामुळे सदर प्रकरण संशयास्पद वर्गात टाकण्यात आले आहे. समक्ष हजर राहावे."

सरांनी पत्र तीनदा वाचलं. त्यातल्या पहिल्या वाक्याच्या सुरुवातीने त्यांना धक्का बसला, कारण डॉक्टरीणबाईंनीही चूक आपलीच लिहिली होती हे त्यांना माहीत नव्हतं. आणि त्या वाक्याच्या शेवटाने ते उभे राहिले. "संशयास्पद," ते काकूंना म्हणाले. "चौतीस वर्षांत माझ्या हजेरीपटावर कोणी शंका घेतली नाही. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे माझ्या घरी ठेवले जायचे. आणि आता मी संशयास्पद."

"मग जा आणि सांगा," काकू म्हणाल्या. खिडकीत बसून त्यांचा हा तिसरा गुरुवार होता. "आणि जाताना तो निळा शर्ट घाला. यात खरंच संशयास्पद दिसता."

विमा कंपनीचं ऑफिस एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. वाट बघायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चार-चार एका पट्टीवर जोडलेल्या, त्यामुळे एक माणूस उठला की बाकीचे तिघं हलायचे. सर, डॉक्टरीणबाई आणि क्लेमकाका एका पट्टीवर बसले. क्लेमकाकांना कोणी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, मी अनुभवी माणूस आहे, सोबत असू द्या.

आत टेबलामागे तेच सर्व्हेअर. पुढ्यात दोन फायली.

"हे बघा," ते म्हणाले, "माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही. पण कॉम्प्युटरला एक दोषी लागतो. शून्य चालतो, दोन चालत नाहीत. दोघं एका इमारतीतले, एका कंपनीचे, दोघंही म्हणतात चूक माझी. वरच्यांना वाटतं, ठरवून केलंय. एकाने मागे घ्या, आज मंजूर करतो."

"मी घेणार नाही," सर म्हणाले.

"मीही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सर, ऐका माझं. मला तुमच्या फ्रिजवरचा कागद माहीत आहे. काकूंनी सांगितलाय. माझ्यावर टाका आणि मोकळे व्हा."

"म्हणून तुम्ही खोटं लिहिलंत?"

"खोटं नाही. मी घाईत होते."

"डॉक्टर, तुमच्यावर मी बोट ठेवू? मी?" सरांचा आवाज चढला. वर्गातसुद्धा तो क्वचित चढायचा. ते सर्व्हेअरकडे वळले. "साहेब, दोन वर्षांपूर्वी दुपारी माझी बायको स्वयंपाकघरात पडली. मला गाडी येत नव्हती. ॲम्ब्युलन्सचा फोन लागेना. या बाई दवाखाना भरलेला सोडून वर आल्या, तिला चादरीत घेऊन चौघांनी खाली आणलं, यांनी स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर झोपवलं आणि हॉस्पिटलपर्यंत अशी गाडी चालवली की तिला एक धक्का लागला नाही. मी पुढे बसून नुसती पिशवी धरली होती. त्या गाडीची चूक म्हणून मी सही करणार नाही. किल्ली गेली तर जाऊ दे."

"आणि माझा मुलगा?" आता डॉक्टरीणबाईंचाही आवाज चढला. "गणितात तीनदा नापास झाला होता. घरात बोलणं टाकलं होतं त्याने. यांनी वर्षभर रोज संध्याकाळी त्याला वर बोलावून शिकवलं. एक दिवस मी विचारायला गेले की सर, तुमचं काय द्यायचं, तर मला दारातून परत पाठवलं. तो आज पूल बांधतो. आणि मी यांचा गुरुवार काढून घेऊ?"

"तो हुशारच होता. नुसता घाबरायचा."

"हे तुम्ही मला आठ वर्षांनी सांगताय."

सर्व्हेअरने दोन्ही हात वर केले. "हळू बोला, बाहेर माणसं बसलीत." मग ते क्लेमकाकांकडे वळले. "तुम्ही काय बघितलं?"

क्लेमकाका उठले. घसा खाकरला. त्यांच्या सात फायली याच इमारतीत कुठेतरी होत्या, आणि समोर बसलेल्या माणसाने त्या सगळ्या वाचल्या होत्या. "मी गॅलरीतून बघत होतो," ते म्हणाले. "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवा. या वेळी कुत्रं नव्हतं."

हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते सरांना कळलं, आणि त्यांनी क्लेमकाकांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. पट्टीवर नसल्यामुळे ही खुर्ची हलली नाही.

सर्व्हेअरने पेन खाली ठेवलं. मग त्यांनी फायलीतून सरांचा नकाशा काढला, टेबलावर पसरला, आणि ड्रॉवरमधून फूटपट्टी काढून सरांपुढे ठेवली.

"सर, तुम्ही लिहिलंय संपूर्ण चूक तुमची. म्हणजे तुमची गाडी जास्त मागे आली असणार. ही मधली तुटक रेघ. या रेघेपासून तुमची गाडी किती पुढे आलीय, मोजून सांगा."

सरांनी चष्मा सारखा केला. फूटपट्टी लावली. लावायची गरज नव्हती, रेघ कुठे होती हे त्यांना पाठ होतं. दोन्ही गाड्यांचे बंपर त्या तुटक रेघेवर एकमेकांना टेकले होते. केसभरही इकडेतिकडे नाही.

"काय येतंय?"

"समान," सर म्हणाले. वर्गात फळ्यापुढे उभं केलेल्या मुलासारखे ते खाली बघत होते.

"आणि कोपऱ्यात तुम्ही मापं दिलीत. दोन्ही गाड्या आपल्या जागेवरून किती आल्या?"

"सात फूट दोन इंच. दोन्ही."

"लिहिताना तुम्ही खोटं लिहिलंत, सर," सर्व्हेअर म्हणाले. "पण आकृती काढताना तुमच्या हाताला ते जमलं नाही."

सर खुर्चीत मागे टेकले. "चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो," ते म्हणाले, "आधी आकृती काढा, मग उत्तर लिहा. मी उत्तर आधी लिहिलं."

सर्व्हेअरने दोन्ही फायलींवर एकच ओळ लिहिली. चूक दोघांची, निम्मी निम्मी. कॉम्प्युटरला निम्मा दोषी चालतो, हे त्यांनाही त्या दिवशी नव्यानेच कळलं. ज्याची त्याची दुरुस्ती ज्याच्या त्याच्या विम्यातून. शिक्का मारून झाल्यावर त्यांनी नकाशाची सुबक घडी केली. "हा परत मिळणार नाही. बावीस वर्षं या टेबलापाशी सगळी चूक समोरच्याची असते. हा मी भिंतीवर लावणार आहे." सरांना वाटलं, एवढा मान आपल्याला निरोप समारंभातही मिळाला नव्हता. बाजूने दिसणारं दृश्य काढलं ते बरं झालं.

घरी येताना तिघंही एका टॅक्सीत बसली. सरांनी डॉक्टरीणबाईंना आणि क्लेमकाकांना नीट शब्दांत धन्यवाद द्यायचे ठरवले होते, पण प्रत्यक्षात त्यांनी फक्त खिडकीची काच वर-खाली केली. त्या दोघांनाही ते पुरलं.

रविवारी लेक आली. बूट काढण्याआधी तिने पाटी बघितली. ब्याऐंशी. "व्वा, बाबा," ती म्हणाली.

सरांना ते सहन झालं नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आरसे, डिकी, रकाना नंबर चौदा, सगळं. सांगताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

लेक खुर्चीत बसली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. "मला लगेच का नाही सांगितलंत? कारखान्यात माणसं लपवतात, का माहितीये? मी ओरडेन म्हणून. माझ्या घरात पण तेच?" तिने किल्लीकडे बघितलं. "मला ही किल्ली नकोय हो. तुम्ही दोघं बाहेर गेलात की संध्याकाळचा फोन उचलेपर्यंत माझा जीव जाग्यावर नसतो. पण करार आहे. तिसरा ओरखडा आहे."

"आहे," सर म्हणाले. "घे."

"थांबा," खिडकीतून आवाज आला. काकू काठी टेकत टेबलापाशी आल्या. चाळीस वर्षांच्या संसारात सर त्यांना गणितात कच्च्या समजत आले होते. "पहिले ओरखडे किती?"

"दोन," सर म्हणाले.

"आणि या ओरखड्यातली तुमची चूक किती? कंपनीने काय लिहून दिलंय?"

"निम्मी."

"दोन आणि निम्मा मिळून?"

सरांनी बोटांवर मोजलं. "अडीच."

"करारात किती लिहिलेत?"

"तीन," सर म्हणाले.

"मग ती किल्ली टेबलावर कशाला ठेवलीत?" काकूंनी किल्ली उचलली आणि सरांच्या शर्टाच्या खिशात टाकली. "साक्षीदार म्हणून सांगते, अर्धा शिल्लक आहे."

लेकीने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. हसू दाबायचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग तिने पेन काढलं आणि करारात एक ओळ वाढवली. कारखान्यात ट्रक मागे घेताना एक माणूस मागे उभा राहून इशारे देतो, तसा इथेही हवा. त्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही.

"असा माणूस दर गुरुवारी कुठून आणायचा?" सरांनी विचारलं.

"मी आहे की," काकू म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी, सकाळी सव्वादहाला, गाडी नवा दिवा लावून आपल्या जागेवर उभी होती. समोर डॉक्टरीणबाईंची गाडी. सरांनी इंजिन चालू केलं, आरशात बघितलं, डॉक्टरीणबाईही निघालेल्या दिसल्या, म्हणून त्यांनी बंद केलं. डॉक्टरीणबाईंनीही बंद केलं. "आधी तुम्ही," सर काचेतून म्हणाले. "नाही, नाही, आधी काकूंना जाऊ द्या," त्या म्हणाल्या. यात पाच मिनिटं गेली असती, पण मधल्या वाटेत काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. अंगात लेकीने कारखान्यातून आणून दिलेलं भडक नारिंगी जाकीट, त्यावर चमकणारे पट्टे. काठी उचलून त्यांनी डॉक्टरीणबाईंना थांबवलं, आणि मोकळ्या हाताने सरांना बोलावलं. वरून गॅलरीतून क्लेमकाका ओरडले, की काठी थोडी डावीकडे. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सरांनी या वेळी तिन्ही आरसे बघितले. तिन्हींत काकू होत्या, कुठे अर्ध्या, कुठे पूर्ण. दोन वर्षांपूर्वी चादरीत घालून ज्यांना या वाटेने नेलं होतं त्या काकू आज दोन पायांवर तिथे उभ्या होत्या. सरांना आरसे जरा धूसर दिसायला लागले, आणि त्यांनी ब्रेक दाबून ठेवला.

"अहो, थांबलात का?" काकूंनी हाक मारली. "या, या. मागे बरीच जागा आहे."